हाताला माती न लावता बागमित्र कसे घडवावेत

तुमच्या सोसायटीत पण बागकाम शिकवणारे स्वयंसेवक तयार करायचं ठरलंय म्हणे. छानच. आमच्याकडे हे सगळं गेल्या पावसाळ्यात होऊन गेलं आणि मी स्वतः सर्टिफाइड आहे, अनुक्रमांक १७, तेव्हा दोन शब्द अधिकाराने सांगतो. माती, कुंड्या, बियाणं असल्या गोष्टींच्या मागे लगेच लागू नका, ते होत राहतं. आधी सर्टिफिकेट छापायला टाका.

सर्टिफिकेटला वेळ लागतो हो. आमच्या कमिटीच्या तीन मीटिंगा त्यातच गेल्या. पहिली नावावर: हरितदूत, वृक्षसखा, ग्रीन अ‍ॅम्बॅसेडर, असं करत करत शेवटी 'बागमित्र' ठरलं, आणि तेवढ्यात कोणीतरी "मग लेडीजना काय म्हणायचं" विचारलं की तास गेला. दुसरी मीटिंग सह्यांवर, कारण आमचे चेअरमन आणि सेक्रेटरी पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून सह्या कागदाच्या दोन टोकांना आणि मध्ये तुळशीवृंदावनाचं चित्र. तिसरी लॅमिनेशनवर. लॅमिनेशन कराच, पैसे बघू नका, का ते शेवटी सांगतो.

आता ही कल्पना आली कुठून, तर ए विंगमधले काका सहा महिने मुलाकडे सिअ‍ॅटलला राहून आले ना, तिथून. तिकडे मास्टर गार्डनर म्हणून एक प्रकार आहे. गोष्ट १९७२ ची. सिअ‍ॅटल-टकोमा भागातले लोक वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कृषी विस्तारवाल्यांना फोन करून करून हैराण करायचे, माझ्या गुलाबाला काय झालंय, लॉन पिवळं का पडतंय, आणि उत्तरं द्यायला माणसं मोजकी. मग डेव्हिड गिबी आणि बिल शीअर या दोघांनी डोकं लावलं की लोकांनाच शिकवू आणि पुढची उत्तरं त्यांनाच देऊ दे, टकोमाच्या मॉलमध्ये टेबल टाकून त्याची चाचणी घेतली, नाव उचललं जर्मनीतल्या गार्टनमायस्टर या पदवीवरून, आणि आता हे अमेरिकाभर चालतं. तिथं आधी शिकायचं, मग ठरलेले तास फुकट काम करून ते शिक्षण फेडायचं, बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी ४०-५० तास, तेव्हा कुठं सर्टिफिकेट, आणि तेही दरवर्षी नवीन तास भरले तरच टिकतं. वर ती पदवी लावून नर्सरीचा धंदा करायचा नाही.

काकांनी हे मन लावून सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यातलं 'सर्टिफिकेट' तेवढं उचललं. तुम्हीही तेच करा. बाकीचं अमेरिकेत ठीक आहे, तिकडे लोकांना वेळ असतो.

ट्रेनिंगला दोन रविवार पुरतात, दहा ते एक. पहिल्या रविवारी दीपप्रज्वलन (एसी बंद करायला विसरू नका, आमची समई तीनदा विझली), मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार. आता शाल-श्रीफळ जुनं झालं, हल्ली रोप देऊन सत्कार करतात, पर्यावरणपूरक. ते रोप पाहुणे गाडीत नेत नाहीत, सीट खराब होते, म्हणून ते सिक्युरिटी केबिनच्या मागे ठेवलं जातं. आमच्या केबिनमागे आजवरच्या सगळ्या सत्कारांची मिळून एक छोटी नर्सरी आहे, बरीचशी वाळलेली. मग प्रास्ताविक, मनोगत, पोहे. पोह्यांनंतर जो पाऊण तास उरतो त्यात झाडांबद्दल बोललं तरी चालेल.

प्रश्नोत्तरं मात्र ठेवा, कारण स्वयंसेवकाला मुळात तेच करायचंय. इथं काका परत मध्ये पडले, की तिकडे म्हणे "मला माहीत नाही, बघून सांगतो" हे उत्तर चालतं, उलट चांगलं समजतात, पुराव्यानिशी ठाऊक नसेल ते बोलायचंच नाही. आता हे आपल्याकडे कसं जमायचं? सर्टिफाइड माणूस माहीत नाही म्हणाला तर लॅमिनेशनचे पैसे वाया गेले ना. म्हणून आमच्या बॅचने एक सर्वसमावेशक उत्तर तयार केलं: अंड्याची टरफलं. पानं पिवळी, टरफलं. फुलं येत नाहीत, टरफलं. कुंडीखाली पाणी साचतंय, टरफलं. यावर डी विंगमधल्या काकूंनी शाकाहारी पर्याय मागितला, तर केळ्याच्या सालाचं पाणी.

बी विंगच्या काकूंनी जास्वंदीचा शेंडा प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आणला होता, कापूस चिकटवल्यासारखं पांढरं पांढरं. हॉलमध्ये त्यावर सहा मतं पडली, एक बुरशी, एक कॅल्शियमची कमतरता, एक थेट फाइव्ह-जीचा टॉवर. आमचे माळीबुवा तेव्हा एक्स्ट्रा खुर्च्या घेऊन आत आले होते. त्यांनी डबा हातात घेतला, पांढऱ्याकडे बघितलंच नाही, खालची काडी बघितली आणि म्हणाले, "मुंग्या चढल्यात बघा मॅडम. हा पिठ्या ढेकूण. याच्या अंगातून गोड चिकटा येतो, तो मुंग्या खात्यात आणि ह्याला या फांदीवरून त्या फांदीवर पोचवत्यात. आधी मुंग्या थांबवा." मग शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे, उरलेल्यावर पाण्याचा जोराचा फवारा, आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल, ते पाण्यात मिसळायला साबणाचे दोन थेंब, आठवड्यानं परत. एवढं बोलून ते खुर्च्या लावायला गेले. असं काही तुमच्याकडे झालं तर घाबरू नका, सूत्रसंचालकाने "धन्यवाद, आपण आता पुढच्या स्लाइडकडे वळूया" म्हणायचं. आम्ही वळलो.

कंपोस्टचा विषय मात्र टाळता येत नाही, त्यात पैसे आहेत. पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यासाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत मिळते, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठ्या कचरेवाल्यांत धरलं, म्हणजे ओला कचरा आवारातच जिरवणं आलं. आमचा कंपोस्टचा पिट त्यामुळेच आहे आणि त्याला वास येतो. वास का येतो तर नुसतं ओलं पडतंय, सुकं नाही. पालापाचोळा टाका की हवा खेळते आणि वास जातो, बास, एवढंच शास्त्र आहे. तर आम्ही काय केलं, आवारातल्या पर्जन्यवृक्षाचा सगळा पाला झाडून गोण्यांत भरून महापालिकेच्या गाडीत चढवला आणि त्याच सकाळी ऑनलाइन कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा मागवल्या, कारण स्लाइडवर 'ब्राउन मटेरियल (म्हणजे सुकं) विकत घ्यावे' असं होतं. पावती आहे माझ्याकडे.

एका उत्साही मेंबरने अमृतजल, म्हणजे झाडांना घालायचं पातळ खत, करायचंही काढलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं प्रयोग परिवाराचं जे काम, साध्या माणसाने आपल्या जागेत प्रयोग करावा आणि जे कळेल ते दुसऱ्याला सांगावं, त्याच परंपरेतला हा साधा प्रकार: १० लिटर पाणी, किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. शेण ऑनलाइन मागवलं. गोवऱ्या आल्या. त्या होळीसाठी ठेवल्यात.

दुसऱ्या रविवारी प्रॅक्टिकल. इथं हातमोजे सगळ्यात महत्त्वाचे, सगळ्यांचे एकाच रंगाचे घ्या, फोटोत छान दिसतात. खड्डे माळ्याकडून आदल्या दिवशी करून घ्या, दगड लागला की उगाच कार्यक्रमाचा मूड जातो. आम्ही अकरा रोपं लावली, कढीपत्ता, पेरू, बाकी सत्कारातली वाचलेली. एका रोपाला साधारण सात जणांचे हात लागले, म्हणजे प्रत्येकाला लावल्याचं समाधान. लावून झाल्यावर मी सहज मोजलं तर काळ्या पिशव्या पडलेल्या फक्त चार. अकरा रोपं, चार पिशव्या. बाकी सात पिशवीसकट गेली होती खड्ड्यात. मी हे शेजारच्याच्या कानात सांगितलं, तो म्हणाला आता ड्रोन शूट चालू आहे, नंतर बघू.

संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरलो तर माळीबुवा एकटे, उकिडवे बसून एकेक रोप परत उकरत होते. ब्लेडने पिशवी उभी कापायची, तळाशी गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी जराशी मोकळी करायची, परत माती लोटायची, पायानं हलकं दाबायचं. सातवं होईपर्यंत मी उभा राहिलो. मदत करावीशी वाटली पण हातमोजे जमा केले होते.

परीक्षा गुगल फॉर्मवर घ्या, आणि इंग्रजीत, वजन येतं. वीस प्रश्न, उत्तर बहुतेक 'ड, वरील सर्व'. बसले ४१, पास झाले ४३, दोघांचं बायकोने परस्पर भरलं होतं. माळ्याला पण सर्टिफिकेट द्यावं का असा मुद्दा एकीने काढला, पण त्यांची हजेरी भरत नव्हती. दोन्ही रविवारी ते हॉलच्या बाहेर कामावर होते.

तास भरायचं म्हणाल तर एक वही ठेवा. आमच्यात ग्रुपवर बागेचा मेसेज फॉरवर्ड केला की अर्धा तास धरतात, गुड मॉर्निंगच्या फोटोत फूल असेल तर पाव. माझे दिवाळीच्या आत ६० भरले, टकोमावाल्यांच्या पुढे गेलो. पलीकडच्या शाळेची मुलं एकदा बाग बघायला येणार होती, त्यांना शिकवायलाच तर हे सगळं केलं होतं, पण त्या दिवशी ४३ पैकी कोणालाच जमलं नाही. मुलांना माळ्याने फिरवलं म्हणे, गांडूळ हातात दिलं, पोरं ओरडली वगैरे.

आणि हो, लॅमिनेशन. पहिल्या गठ्ठ्यात छापणाऱ्याने 'बागमित्र'चं 'बागमिञ' केलं होतं, त्यामुळे पन्नास सर्टिफिकेटं बाद झाली, आणि तोवर सगळी लॅमिनेट झालेली. टाकवेनात म्हणून माळ्याच्या खोलीत ठेवली. परवा खाली गेलो तर भाजीच्या वाफ्यात पट्ट्या खोचलेल्या, कात्रीने सरळ कापलेल्या, मागच्या कोऱ्या बाजूला मार्करने लिहिलेलं, वांगी, मिरची, पालक, पेरल्याची तारीख. दोन पाऊस खाऊन अक्षर जागच्या जागी. वांग्याची पट्टी जरा फिरवून बघितली तर सोनेरी बॉर्डर, सेक्रेटरींची अर्धी सही आणि 'यशस्वीरीत्या पू' इथपर्यंत. म्हणून सांगतो, पन्नास जास्तीच छापा.