कॉलेज बघायला जाऊ नका

सेकंड पीयूचा, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या बारावीचा, रिझल्ट लागला की वळवाच्या आधी पावण्यांचे फोन सुरू होतात. किती पडले, मग आता पुढं काय. हा प्रश्न पोराला विचारलाय असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही नवीन आहात. पुण्याच्या काकाला उत्तर तुमच्याकडनं पाहिजे असतं, आणि त्याला उत्तर नकोच असतं, त्याला सांगायचं असतं की आमच्या सोसायटीतल्या एकाचा पोरगा कॉम्प्युटर सायन्स करून कुठं गेलाय. तर पहिला सल्ला हा की इंजिनिअरिंगची ब्रँच काकाकडनं घ्या आणि कॉलेज आत्तीकडनं, कारण आत्तीच्या जावेची पोरगी जिथं शिकली तिथं "वातावरण चांगलं" असतं. वातावरण म्हणजे काय ते खोदून विचारू नका, वाद होतील.

आता तुम्हाला वाटेल एकदा कॉलेज बघून यावं. कशाला? बेळगावात गोगटे सर्कलपासून आरपीडी क्रॉसपर्यंत होर्डिंग लागलेत की, तेवढ्यात सगळं कळतं. फाईल छातीशी धरून एक पोरगी हसत असते, खाली प्लेसमेंट शंभर टक्के लिहिलेलं असतं. हे शंभर टक्के कुणातले असं विचारायचं नसतं. आत आलेल्या एकशे वीस पोरांतले, का फायनल इयरला एकही बॅक नसलेल्या चाळीसातले, का त्यातल्याही नाव नोंदवलेल्या पंचवीसातले? आणि एकाच पोरीला चार ऑफर आल्या असतील तर त्या चार धरल्यात का एक? असलं विचारणारा बाप काउंटरवरच्या मॅडमना आवडत नाही, आणि उद्या फीचा हप्ता मागायला त्यांच्याकडंच जायचंय. नॅकचा ए प्लस दिसला की नमस्कार करा आणि पुढं व्हा. नॅक आणि एनबीए ह्या दर्जा तपासणाऱ्या संस्था, नॅक अख्ख्या कॉलेजला ग्रेड देतं आणि एनबीए एकेका ब्रँचला मान्यता, म्हणजे मेकॅनिकलला एनबीए असलं म्हणून तुमच्या पोराच्या ब्रँचला असेलच असं नाही, ही माहिती तुमच्याजवळच ठेवा, लग्नकार्यात काढू नका.

मी स्वतः ह्याच पद्धतीनं शिकलोय बरं का. माझं कॉलेज माझ्या वडिलांनी निवडलं, कारण त्याची बस आमच्या कोपऱ्यावर थांबायची. बस खरंच चांगली होती. लॅबला मात्र कुलूप असायचं, ते उघडायचं एलआयसी येणार असली की. एलआयसी म्हणजे विम्यावाले नव्हे, युनिव्हर्सिटीची लोकल इन्क्वायरी कमिटी. त्या आठवड्यात कुठनं कुठनं मशिनं यायची, आम्हाला पांढरे कोट मिळायचे, एका सरांचं तर आम्ही त्या दिवशीच पहिल्यांदा दर्शन घेतलं. ॲडमिशनच्या आधी फायनल इयरच्या एखाद्या पोराला चहा पाजून "लॅब उघडी असते का रे" एवढं विचारलं असतं तर दहा रुपयात काम झालं असतं, खरं आमच्या घरात पोरांना चहा पाजून विचारायची पद्धत नाही.

तयारीचं म्हणाल तर ती पहिलीपासून करावी लागते, अभ्यासाची नव्हे, कागदांची. केसीईटीला, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेला, पोरगा कर्नाटकात किमान सात वर्षं शिकलेला लागतो, आणि तसा बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, सही असलेला स्टडी सर्टिफिकेट लागतो. म्हणून माझा सल्ला, पोराला पाचवीला मामाकडं चंदगडला, सरहद्दीपलीकडं महाराष्ट्रात, ठेवा, हवा चांगली, अभ्यास होतो, आणि दहावी झाली की पीयूला परत आणा. पहिली ते चौथीची चार, पीयूची दोन, झाली सहा. एक कमी. मग दुसरा क्लॉज निघतो की आईबापातलं कुणी कर्नाटकात सात वर्षं शिकलंय का. आईचं माहेर गडहिंग्लज, तिचं शिक्षण तिकडचं, म्हणजे आलं बापावर. मग ऐन जूनच्या पावसात बाप स्वतःच्या प्राथमिक शाळेत जातो, हेडमास्तर कपाटातनं वाळवी लागलेलं रजिस्टर काढतात, आणि पन्नाशीतला माणूस छातीत धडधड घेऊन उभा राहतो की आपण दुसरी पास झालेलो का. सरहद्द आपल्या घरापासनं दहा-पंधरा किलोमीटरवर आहे हे एरवी भाजीला जाताना कळत नाही, असं कळतं.

आणि आपण तर दोन्ही राज्यांचे जावई, कुणीच पानावर बसवत नाही ते सोडा. महाराष्ट्राच्या सीईटीतनं यायचं तर वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी पोरांना वेगळी सोय आहे, खरं त्याला एक दाखला लागतो की तुमचं गाव वादग्रस्त आहे आणि दुसरा लागतो की तुमची मातृभाषा मराठी आहे. पहिल्याला 865 गावांची यादी आहे. दुसऱ्यासाठी हेडमास्तरांची सही. घरी मीटर रीडिंगवाल्याशी कानडीत, देवाशी मराठीत आणि पोराशी मार्कांवरनं दोन्हीत भांडलेलं चालत नाही, शिक्का लागतो. तरी दोन्ही सीईटी द्याच. इकडं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स साठ-साठ मार्कांचे, आणि रँकला पीयूचे मार्क निम्मे धरतात. तिकडं एकट्या मॅथ्सला शंभर आणि बाकी दोघांना मिळून शंभर. पोराला हा फरक पेपरच्या आदल्या दिवशी सांगा, तोवर त्याला इंटिग्रेटेड कोचिंगमध्ये पहाटे साडेपाचला सोडत राहा, तिथं तो झोप पुरी करतो.

व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकाच्या इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटीचं, हेडऑफिस आपल्या बेळगावजवळच्या मच्छेत आहे, 1998 पासून. अख्ख्या कर्नाटकातनं इंजिनिअरिंगची पोरं मार्ककार्डासाठी खानापूर रोडला येतात. त्यामुळे आपल्या पोराला पाचशे किलोमीटर लांब बंगळूरलाच पाठवावं, डिग्रीवर नाव तेच येतं, फक्त पीजीचं भाडं जास्त. तिथं त्याला बळके कन्नड (कन्नड न येणाऱ्यांसाठी) का सांस्कृतिक कन्नड (येणाऱ्यांसाठी) असं विचारतील. दहावीपर्यंत कन्नड शिकलेल्या बेळगावच्या पोरानं बिहारच्या पोरांबरोबर "ननगे कन्नड बरल्ला", मला कन्नड येत नाही, म्हणत बसायचा प्रयत्न करू नये, नाव बघून पकडतात.

मग येते ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची पसंतीची यादी ऑनलाईन भरणं. ती शेवटच्या रात्री करायची असते. खऱ्या अलॉटमेंटच्या आधी मॉक अलॉटमेंट लागते, म्हणजे खोटी खोटी सीट, कुठं लागेल ते बघून यादी खालीवर करायला दिलेली. ती कुणीही बघू नये, नंतर आश्चर्य वाटायला पाहिजे. सीट लागल्यावर चॉईस वन म्हणजे ही सीट पक्की, टू म्हणजे ही राहू दे खरं पुढच्या राउंडला बघूया, थ्री म्हणजे ही नको पुढची बघू, फोर म्हणजे नमस्कार. बेळगावचा माणूस डोळे झाकून टू दाबतो. 2004 पासून आपला सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, पुढच्या तारखेला बघूया ही आपल्याला जन्मजात येणारी गोष्ट आहे.

तर परवाचीच गोष्ट, आमच्या गल्लीतल्या सायबरमध्ये रात्री अकराला अख्खं एक घर बसलेलं. बाप, आई, आत्ती, फोनवर स्पीकर लावून पुण्याचा काका. काका म्हणतोय सीएस टाक, आत्ती म्हणतेय हॉस्टेल कुठं जवळ ते टाक, बाप म्हणतोय फी कमी ते वर घे. सायबरवाल्या अण्णाचे डोळे लाल. तो म्हणाला, "ओ काका, पंधरा मिनिटं राहिलीत, पहिला ऑप्शन काय टाकू सांगा, पोराला विचारा की." सगळ्यांनी मागं बघितलं. पोराला आधारचं झेरॉक्स आणायला पाठवलेलं, आणि येताना मिरची भजी घेऊन ये म्हणून सांगितलेलं.