युक्रेनने अण्वस्त्रे ‘देऊन टाकली’ असे म्हणण्यापूर्वी

‘युक्रेन ही जगातील तिसऱ्या क्रमांकाची अण्वस्त्रसत्ता होती, १९९४ साली एका कागदावर भाबडेपणाने विसंबून तिने सारी अण्वस्त्रे देऊन टाकली आणि ती ठेवली असती तर रशियाने आक्रमण केलेच नसते,’ असा मजकूर २०२२ पासून पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्यामागची युक्रेनविषयीची कळकळ मलाही आहे. इतिहास मात्र असा घडलेला नाही.

आकड्यांपुरता पहिला दावा बरोबर आहे. सोव्हिएत संघाचे विघटन झाले तेव्हा युक्रेनच्या भूमीवर १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रे आणि लांब पल्ल्याची सुमारे १,९०० अण्वस्त्रे होती. परंतु ती डागण्याचे संकेतांक मॉस्कोच्या हाती होते आणि अण्वस्त्रे घडवण्याचे व त्यांची ठरावीक मुदतीने देखभाल करण्याचे कारखाने रशियात होते. द्नीप्रोपेत्रोव्स्कला क्षेपणास्त्रे बनवणारे निष्णात अभियंते युक्रेनकडे होते, त्यामुळे वेळ आणि पैसा मिळता तर खरा ताबा मिळवणे अशक्य नव्हते, हे मान्य करावे लागेल. पण १९९३ साली तिथे महागाईचा दर दहा हजार टक्क्यांवर गेला होता आणि देश इंधनासाठी रशियावरच अवलंबून होता.

भाबडेपणाचा आरोप तर अन्यायकारक आहे. अण्वस्त्रे स्वीकारायची नाहीत, बनवायची नाहीत आणि मिळवायचीही नाहीत, हे युक्रेनच्या संसदेने स्वातंत्र्याच्याही आधी, जुलै १९९० मध्ये जाहीर केले होते, आणि तेव्हा चेर्नोबिलच्या दुर्घटनेला जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढे मात्र कीवने घाई केली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ घासाघीस करून अणुभट्ट्यांसाठी इंधन, अमेरिकेचे अर्थसाहाय्य आणि सीमांना मान्यता मिळवल्यावरच ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टला त्या कागदावर, म्हणजे युक्रेनच्या सीमांचा आदर राखण्याचे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांचे वचन नोंदवणाऱ्या निवेदनावर, सह्या झाल्या. लष्करी मदतीचे बंधन अमेरिकेला नको होते, म्हणून इंग्रजी मसुद्यात ‘हमी’ऐवजी ‘आश्वासन’ या अर्थाचा शब्द आला. हा फरक कीवच्या वाटाघाटीकारांना ठाऊक होता. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया बळकावून ते आश्वासन मोडले, त्याचा दोष मोडणाऱ्याचा आहे.

राहिला तिसरा दावा. ब्रिटनकडे अण्वस्त्रे असूनही १९८२ साली अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले, आणि पोखरणच्या चाचण्यांना वर्ष होत असतानाच कारगिल घडले. शिवाय अण्वस्त्रे ठेवण्याचा हट्ट धरला असता तर वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांचाही रोष एकाच वेळी ओढवून, ताबा मिळेपर्यंतची वर्षे त्या नवजात देशाला मान्यतेविना, मदतीविना आणि कदाचित इंधनाविनाही काढावी लागली असती. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात नेमक्या त्या वर्षांचा उल्लेख नसतो.