‘मन खंबीर असेल तर कॅन्सर परत येत नाही’ या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मावशीने पाठवला आणि परवा ओपीडीत एका पेशंटच्या नवऱ्याने मोबाईल पुढे करून विचारलं, "मॅडम, हे खरं का?" तेव्हा ठरवलं की सविस्तर लिहायचंच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅन्सर दाबून ठेवलेल्या राग-दुःखातून होतो, पॉझिटिव्ह राहिलं की परत येत नाही, रिपोर्ट क्लीन आल्यावर थेरपी वगैरे श्रीमंतांचं खूळ आहे, आणि हॉस्पिटलमधे जे 'रिसर्च'वाले फॉर्म घेऊन फिरतात ते पेशंटवर प्रयोग करतात.

त्या फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांपैकी मी एक. एमए सायकॉलॉजी करून गेली अडीच वर्षं पुण्यात रिसर्च असिस्टंट आहे, कॅन्सरची ट्रीटमेंट पूर्ण झालेल्या लोकांसाठीच्या मानसोपचाराच्या अभ्यासावर. फॉलोअप ओपीडीच्या दिवशी सकाळी साडेआठला मी तिथे असते, तोवर भोरकडची माणसं स्वारगेटला आणि जुन्नरकडची वाकडेवाडीला उतरून, केसपेपर काढून, डबा मांडीवर ठेवून बाकावर बसलेली असतात.

आता एकेक मुद्दा घेते.

"दाबलेल्या भावनांतून कॅन्सर होतो." नाही होत. तोंडाच्या कॅन्सरमागे आपल्याकडे तंबाखू आहे, गुटखा आहे, सुपारी आहे, आणि बायकांमधे मिसरी, जी 'दात घासायची' म्हणून कोणी व्यसनात धरतच नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 मधे नोबेल मिळालं. काही घरांत जनुकांमधला बदल आईकडून किंवा वडिलांकडून येतो, वय असतं, आणि कित्येकदा डॉक्टरांनाही बोट ठेवून कारण सांगता येत नाही. ताणाचा आडून संबंध असू शकतो, म्हणजे ताणात माणूस सिगरेट जास्त ओढतो, दारू पितो, तपासणी पुढे ढकलतो, हे मान्य. पण मंडईत भाजी घ्यायला आलेल्या कुठल्याही दहा जणांना विचारा, मनात दाबून ठेवलेलं काही नाही असा एक तरी सापडेल का? कॅन्सर झाल्यावर मागे वळून बघितलं की दुःख सापडतंच, कारण ते सगळ्यांकडे असतं.

आणि या वाक्याचा मार कोणावर बसतो ते मी रोज बघते. एका बाईंना त्यांच्या जावेने सांगितलं होतं, सासूचं बोलणं तू मनाला लावून घेतलंस ना, म्हणून झालं तुला. छातीची सर्जरी, केमो, रेडिएशन सगळं सोसून ती बाई मला विचारत होती की मी स्वभाव बदलला असता तर हे टळलं असतं का. मला तेव्हा खूप राग आला होता, अजूनही येतो.

"पॉझिटिव्ह राहिलं की परत येत नाही." ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही, म्हणून नीट सांगते. 1989 मधे डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने शरीरात पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या 86 बायकांचा अभ्यास छापला, त्यात ग्रुप थेरपी मिळालेल्या बायका सरासरीने जवळपास दीड वर्ष जास्त जगल्या असं दिसलं. जगभर बातमी झाली. मग तेच पुन्हा करून बघितलं गेलं. कॅनडात 235 बायकांवरचा अभ्यास 2001 मधे आला, आयुष्य वाढलं नाही. खुद्द स्पीगल यांनी 125 बायका घेऊन परत केला, 2007 मधे छापला, त्यातही एकूणात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही आणि त्यांनी ते तसंच छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्याच वर्षी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंटचा अभ्यास आला, मनाने चांगल्या स्थितीत असलेले जास्त जगतात असं त्यातही निघालं नाही. फॉरवर्ड मात्र अजून पहिल्या बातमीपाशीच थांबलाय.

पण त्या कॅनडाच्या अभ्यासात अजून एक गोष्ट होती जी मला जास्त महत्त्वाची वाटते. थेरपी घेतलेल्या बायकांचा मानसिक त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांना. थेरपी आहे ती याच्यासाठी. जिमी हॉलंड नावाच्या डॉक्टर होत्या न्यूयॉर्कला, 1977 पासून त्यांनी कॅन्सर पेशंटच्या मनाकडे बघणारा विभागच उभा केला, त्या या सक्तीच्या पॉझिटिव्हपणाला जुलूम म्हणायच्या. रडू आलं तरी गाठ वाढेल या भीतीने रडायचं नाही, याला दुसरं काय म्हणणार.

"रिपोर्ट क्लीन आला की विषय संपला, बोलायला घरचे आहेत ना." या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे कारण माझं सगळं काम इथेच आहे.

ट्रीटमेंट चालू असताना माणूस कामात असतो, पुढची केमो कधी, काउंट किती, पैसे कुठून. ती संपते, पाहुणे पेढे घेऊन येऊन जातात, आणि मग रात्री खोकला आला तरी वाटतं, आलं का परत? पाठ दुखली तर हाडात गेलं का? कोणी दिवसातून दहा वेळा गाठ चाचपडतं, कोणी उलट आरशासमोर उभंच राहत नाही आणि फॉलोअपची तारीख चुकवतं. स्कॅन जवळ आला की आठवडाभर झोप नाही. थोडीफार अशी भीती जवळजवळ सगळ्यांनाच असते, पण काहींचं अख्खं आयुष्य तिच्याभोवती फिरायला लागतं, पोरीच्या लग्नाची तारीखसुद्धा 'तोवर मी असेन का' म्हणून धरवत नाही.

घरच्यांशी बोलावं, पण बोलता येत नाही हीच अडचण आहे. बायको म्हणते भीती वाटते, नवरा म्हणतो असं अभद्र बोलू नकोस, की संपलं. दोघंही एकमेकांना जपायला गप्प बसतात. माझ्यासमोर पन्नाशीतले एक गृहस्थ पहिल्यांदा रडले तेव्हा त्यांचा मुलगा पार्किंगमधून येतच होता, त्यांनी घाईने डोळे पुसले आणि म्हणाले, त्याला नका सांगू.

हे मोजायचं कसं तेही सांगते. चिंता आणि उदासी मोजणारी हॅड्स नावाची 14 प्रश्नांची प्रश्नावली आहे, 1983 पासूनची, ती मुद्दाम अशी बनवलीये की थकवा, वजन असल्या शारीरिक तक्रारी विचारतच नाही, कारण त्या आजारामुळेही असतात. तिच्यात एक प्रश्न आहे, पोटात फुलपाखरं उडाल्यासारखी भीती वाटते का. आता हे इंदापूरच्या आजींना शब्दशः विचारलं तर त्या माझ्याकडेच काळजीने बघतील. आपल्याकडे पोटात गोळा येतो. म्हणून मराठी करायचं, दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं, मग काही पेशंटना वाचून दाखवून विचारायचं की तुम्हाला यातून काय कळलं. एकेका वाक्यावर दुपार जाते, आणि ती जावी असं मला मनापासून वाटतं.

थेरपीत पुढे काय होतं? 'परत येणार नाही' असं कोणी सांगत नाही, कारण ते कोणालाच माहीत नसतं, ही भीती खोटी नाहीच मुळी. ऑस्ट्रेलियात 'कॉन्कर फिअर' नावाची पद्धत 222 जणांवर तपासली, 2017 मधे छापून आली, पाचच सेशन. त्यात लक्ष वळवायचा सराव असतो, म्हणजे डोळे मिटून आधी पंख्याचा आवाज, मग बाहेरची रिक्षा, मग लांब कुठेतरी कुकरची शिट्टी, असं लक्ष एकीकडून दुसरीकडे न्यायचं, म्हणजे विचार आला तरी त्याच्यामागे फरफटत जायला लागत नाही. शिवाय डॉक्टरांकडे कधी धावायचं आणि कधी थांबायचं याचे ठरलेले नियम, आणि आपल्याला नक्की काय करत जगायचंय यावर बोलणं. दुसऱ्या गटाला रिलॅक्सेशन शिकवलं, तेही सुधारले, पण कॉन्कर फिअरवाल्या गटाची भीती जास्त कमी झाली.

श्रीमंतांचं खूळ म्हणाल तर फी परवडत नाही हे खरंय, तज्ज्ञ कमी आहेत हेही खरंय, पण तो व्यवस्थेचा दोष झाला, गरज तर बाकावरच्या कोणालाही असू शकते. 2022 पासून सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीतही बोलतात.

राहिला प्रयोगाचा मुद्दा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय आम्ही एक प्रश्नही विचारू शकत नाही, ट्रायल सरकारी रजिस्टरवर नोंदवावी लागते, संमतीपत्र मराठीत वाचून दाखवतो, नाही म्हटलं तरी ट्रीटमेंटवर काडीचा फरक पडत नाही आणि मधेच सोडताही येतं. कोण थेरपीच्या गटात आणि कोण दुसऱ्या गटात हे बंद पाकिटातून ठरतं, मी कोणाची दया येऊन पाकीट बदलू शकत नाही, आणि हे मला सुरुवातीला फार जड गेलं. थेरपी मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण प्रश्नावलीत कोणी जीव नकोसा झालाय असं उत्तर दिलं तर फॉर्म तिथेच बाजूला ठेवायचा आणि सिनियर सायकॉलॉजिस्टना त्याच क्षणी फोन करायचा, मग पेशंट कुठल्याही गटातला असो.

तर ते "हे खरं का" विचारणारे काका. (दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये.) त्यांच्या बायकोची मॅमोग्राफी पुढच्या मंगळवारी होती. महिनाभर ती काही बोलायला लागली की ते हा मेसेज वाचून दाखवत होते, चांगल्या मनानेच. मी म्हटलं, काका, खरं नाहीये हे, त्यांना भीती वाटते म्हणून काही होणार नाही, बोलू दे त्यांना. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, पण मग मी काय बोलू? म्हटलं, काही नाही बोललात तरी चालेल, मंगळवारी बरोबर जा. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि केसपेपरच्या मागे वेळ लिहून घेतली, सव्वादहा.