दम वाढवायचाय? आधी बाजूला कोण आहे ते सांगा

डायव्हिंग शिकणारे मला हमखास विचारतात, "पाण्याखालून एका दमात 50 मीटर मारायचेत, कशी तयारी करू?" मी उलट विचारतो, "बाजूला कोण असणार?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "कोणी नाही, पहाटे पूल रिकामाच असतो ना!"

झालं. इथेच माझं डोकं फिरतं.

एकदा मित्राच्या शेजारून मी पोहत होतो, हाताच्या अंतरावर. चाळीसेक मीटरपर्यंत पाय छान चालले होते. मग लय बिघडली, तोंडातून चार बुडबुडे निघाले आणि हात सैल पडले. धडपड नाही की काही नाही. वर ओढला, गॉगल काढला, गालावर थापट्या, चेहऱ्यावर फुंकर, "श्वास घे, श्वास घे!" चार-पाच सेकंदांनी त्याने श्वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "भिंतीला हात लागला का?" आपण बेशुद्ध झालो होतो हे त्याला पटेचना.

निघण्याआधी तो भिंतीशी उभा राहून भराभर खोल श्वास घेत होता. मी बघत होतो आणि थांबवलं नाही, हे माझंही चुकलंच. असे श्वास घेऊन ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीही 97-98 टक्के भरलेलंच असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि 'आता श्वास घे' हा तगादा लावतो तोच. म्हणजे टाकी तितकीच, फक्त घंटा काढून टाकली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बर्ट क्रेग यांनी हे 1961 सालीच लिहून ठेवलंय, तरी पुलावर अजून "दहा मोठे श्वास घे आणि सूर मार" हेच शिकवलं जातं!

समुद्रात आणखी एक भानगड. 10 मीटरवर दाब दुप्पट, त्यामुळे फुप्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनही तिथे पुरतो. वर येताना दाब निम्मा होतो, तसा ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने पडतो. म्हणून माणूस तळाशी ठणठणीत असतो आणि शेवटच्या काही मीटरांत, नाहीतर डोकं वर काढल्यावर, बेशुद्ध पडतो. बडीने, म्हणजे सोबतच्या जोडीदाराने, नजर हटवायची नाही ती तेव्हा. दोघांनी एकदम डुबकी मारली तर बघणार कोण? एक खाली, एक वर. वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट लक्ष हवंच.

स्कूबावाल्यांना तर या हौसेची गरज काय, हेच मला कळत नाही. तुमचा पहिला नियमच श्वास कधीही न रोखण्याचा. सिलिंडरची हवा घेऊन, दम धरून वर आलात तर मीटर-दीड मीटरमध्येही फुप्फुस फाटू शकतं. हवा पुरवायची असेल तर सावकाश पाय मारायला आणि न घाबरायला शिका.

तरीही दम वाढवायचाच असेल तर ते टेबलं-बिबलं, म्हणजे दम धरण्याची आणि मधल्या विश्रांतीची ठरलेली वेळापत्रकं, घरी गादीवर पडून करा. तिथे शुद्ध हरपली तर शरीर आपसूक श्वास घेतं, आणि नाकातोंडाशी पाणी नसतं.

तो मित्र अजून सांगतो की त्या दिवशी तो स्वतःच वर आला होता.