यंदा कौलं परतायचीच!

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमचीही मंडळी गोव्यात फोंड्याकडच्या मुळघरी जमणार असतील, तर नव्या वर्षाचे संकल्प कसे सोडावेत हे एका जुन्या खेळाडूकडून ऐकून घ्या. सल्ला फुकट आहे, पाळलाच पाहिजे असं नाही.

पहिलं म्हणजे, स्वतःसाठी काही ठरवू नका. मिरामारला पहाटे फिरायला जाईन, पेग बंद करीन, असल्या गोष्टी 2 जानेवारीच्या संध्याकाळी उघड्या पडतात. संकल्प सगळ्या घराण्याच्या नावाने सोडावा. आमच्याकडे मी शाळेत होतो तेव्हापासून एकच चालत आला आहे, ‘यंदा कौलं परतायचीच,’ म्हणजे छपरावरची कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचायची. मी आता निवृत्त झालोय.

विषय काढायची वेळ मात्र अचूक साधा. मुंबईची मंडळी दर्यावर जायला म्हणून येतात आणि त्या आठवड्यातले कळंगुटचे हॉटेलचे दर ऐकले की त्यांना एकदम मुळघराची ओढ लागते. आल्या आल्या त्यांना कौलांचं सांगू नका. शेजारच्या घरातून नाताळचं ताट येऊ दे, त्यातल्या बेबिंक नि दोदोल या गोडांवर पोरांची भांडणं होऊ देत. रात्री शागोती-वडे झाले की सगळी वसरीवर ऐसपैस बसतात. तेव्हा विषय हळूच सोडावा. उपाशी माणूस हिशेब करतो, जेवलेला नुसता उदार होतो. धाकटे काका ‘पैशांचा प्रश्नच नाही रे’ म्हणाले, की तो प्रश्न पुढच्या डिसेंबरपर्यंत मिटला. अजून कुणी पाकिटाला हात लावलेला मी पाहिलेला नाही.

इतक्यात कुणीतरी म्हणेल, त्यापेक्षा वाटण्याच करून टाकूया. घाबरू नका. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगिजांची सत्ता गेली, पण त्यांची 1867 ची नागरी संहिता आपल्याकडे राहिली. मुलग्याला नि मुलीला सारखा वाटा. बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर आपण ती छाती फुगवून सांगतो. मग एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा, उतारा समोर येतो, त्यावरची नावं मोजून होतात आणि छाती जागेवर येते. आजोबांना आठ मुलं, त्यांची मुलं, पुन्हा लग्न झालं की मालमत्ता नवराबायकोची सामाईक, म्हणजे जावई आणि सुना आल्याच. एक चुलतबहीण लिस्बनला. तिला व्हिडिओ कॉल लावतात, ती ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ म्हणते आणि सभा बरखास्त होते. (तिचा आवाज आम्हाला स्वच्छ येत असतो. पण ते असो.)

नवशिके विचारतात, डिसेंबरच कशाला? मुळघरी तर चवथीलाही सगळे जमतात. अहो, चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभं राहून खर्चाच्या गोष्टी करू नयेत. दिवाळीला माणसं मिळत नाहीत. संवसर पाडव्याला, म्हणजे गुढीपाडव्याला, मार्चअखेरीची गडबड असते. कौलं परतायचा खरा मोसम एप्रिल-मे, तेव्हा घरात एक तरी लग्न निघतंच. आणि जूनमध्ये? जूनमध्ये पाऊस लागतो, तेव्हा कौलांना हात लावायचा नसतो हे लहान मूलही सांगेल. म्हणजे उरला डिसेंबर.

तरी एखादा हट्टी भाचा निघतोच, तारीख घाला म्हणणारा. त्याला इतिहास सांगा. पोर्तुगालात 1582 साली 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम 15 ऑक्टोबर उजाडला, मधले दहा दिवस पंचांगातूनच गेले. ज्यांनी आपल्याला 1 जानेवारी दिली, त्यांनीच दिवस गाळायची सोयही करून दाखवली आहे. आपण फक्त थोडे जास्त गाळतो.

शेवटचा विधी 31 तारखेचा. वाड्यावरची पोरं गवत भरून सरत्या वर्षाचा म्हातारा करतात, त्याला कुणाची तरी जुनी पँट चढवतात आणि रस्त्यात गाड्या अडवून पैसे मागतात. पैसे द्या, पण त्याआधी गवंड्याने दिलेला गेल्या वर्षीचा अंदाजपत्रकाचा कागद म्हाताऱ्याच्या खिशात सरकवा. मध्यरात्री दोन्ही एकदम जळतात. नवा कागद नव्या दराने येतो आणि तो बघून ‘अरे बापरे, गेल्या वर्षीच करायला हवं होतं’ असं म्हणायची संधी सगळ्यांना मिळते. आमचे काका हे वाक्य फार सुंदर म्हणतात.

1 तारखेला सकाळी फुटक्या कौलांतून उन्हाचे कवडसे वसरीवर पडतील. मुंबईची सून त्यांचे फोटो काढून ‘किती ऑथेंटिक!’ म्हणेल. तिला छान हसून दाखवा, पोळीबरोबर चहा द्या, आणि जाता जाता तिच्या गाडीत नारळ भरताना कोठीतल्या त्या तीन बालद्या तेवढ्या जपून ठेवा. गेल्या पावसाळ्यात दोनच होत्या.