रंग नव्हे, सावली बघा

थीम पार्कमधल्या लेकरांच्या जुन्या विभागांना नवं रूप देण्याबद्दलचा एक लेख वाचला. जुने चाहते केवळ आठवणींपोटी कुरकुर करतात, लेकरांना नवीन कार्टून दिलं की पुरे, हे त्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधला टूनटाउन हा लेकरांचा कार्टून विभाग. तो १९९३ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये बंद ठेवून मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात उघडला. तिथे मोठा बदल झाला तो हिरवळीचा. लेकरांना लोळायला आणि आईबापांना टेकायला जागा झाली. लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. अमेरिकेतल्याच ओरलँडोच्या युनिव्हर्सल या थीम पार्कमध्ये वुडी वुडपेकर या कार्टूनमधल्या सुतार पक्ष्याचा विभाग जाऊन जून २०२४ मध्ये नवी पात्रं आली, पण पाण्यात भिजायची सोय त्यांनी नव्या विभागातही ठेवली.

मी परभणीकडची. इथे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. आमच्या भागातल्या एका बागेत लेकरांच्या कोपऱ्याला कार्टूनची थीम दिली. त्यासाठी कडूलिंबाचं मोठं झाड तोडलं, मातीवर फरशी घातली, आणि ज्याच्या सोंडेवरून आम्ही घसरायचो तो सिमेंटचा हत्तीही काढला. नव्या पत्र्याच्या घसरगुंडीवर माझ्या पाच वर्षांच्या लेकीची मांडी पहिल्याच दिवशी भाजली. चित्रं सुंदर आहेत, ती तिला आवडतातही. पण दिवस मावळल्याशिवाय ती तिथे जायला तयार होत नाही. त्या लिंबाखाली आम्ही भर दुपारी खेळायचो.