शिकवणी म्हणजे दुय्यम काम नव्हे

"कार्यक्रम मिळत नसतील, म्हणून शिकवण्या घेतात." माझ्या सतारीच्या सरांबद्दल हे वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकलंय. आजही कुणी असं बोललं की मी यानोश स्टार्करांचं नाव काढतो.

स्टार्कर बुडापेस्टचे, जन्म १९२४ चा. चेलो, म्हणजे बसून वाजवायचं खर्जाचं मोठं व्हायोलिन, वाजवायचे. पहिला विद्यार्थी मिळाला तेव्हा स्वतः आठ वर्षांचे होते! ज्यू असल्यामुळे महायुद्धात छावणी भोगली. दोन मोठे भाऊ, दोघेही व्हायोलिनवादक, नाझींनी मारले. याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेत आले. डॅलसचा वाद्यवृंद, न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन ऑपेरा, मग संचालक फ्रिट्झ रायनरांच्या शिकागो सिंफनी या वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादक. ही खुर्ची सोडून १९५८ साली ते ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेले. वय ३४, हात ऐन भरात. २०१३ मध्ये वारले तेही त्याच गावात. मैफली आणि ध्वनिमुद्रणं त्यांनी सोडली नाहीत, पण घर वर्गातच केलं.

त्यांनी वाजवलेला, हंगेरियन संगीतकार कोदाईचा एकल चेलोचा सोनाटा (एकट्या चेलोसाठीची रचना) ऐका, हेडफोन लावून. त्यात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वरानं उतरवून लावतात. तो खर्ज छातीत घुमतो. आणि वाजवतानाचे स्टार्कर पाहिलेत तर चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, झुलणं नाही, डोळे मिटणं नाही. विद्यार्थ्यांनाही तेच सांगणं: अंगात ताण नको, श्वास मोकळा हवा. ते म्हणत, शिकवल्याशिवाय मला वाजवता येत नाही आणि वाजवल्याशिवाय शिकवता येत नाही. समजावून सांगायची वेळ आली की आपण नेमकं काय करतो ते कळतं.

हे मला अक्षरशः पटतं, कारण मी ते पाहिलंय. एकदा मींड घेताना, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना, माझ्या हाताला रग लागली. सर म्हणाले, "खांदा सैल सोड." तरी जमेना. मग त्यांनी सतार माझ्याकडून घेतली, तीच जागा पाच-सहा वेळा वाजवली आणि थांबले. साठी उलटलेली होती त्यांची. स्वतःच्या मनगटाकडे बघत म्हणाले, "अरे, इतकी वर्षं मीसुद्धा खांदा आवळूनच ओढतोय की!" त्या दिवशी तास संपायला रात्रीचे दहा वाजले आणि बहुतेक वेळ सतार त्यांच्याच हातात होती.